आधी खबर, मग चौकशी

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात सकाळपासून सायंकाळपर्यंत लोक रुळांवर ठाण मांडून बसले, आणि एरवी सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळावी एवढ्याच विवंचनेत असणारा चाकरमानी वर्ग त्या दिवशी गाडी सुटू नये म्हणून उभा राहिला, तेव्हा त्या संतापाचे कारण दोन बालिकांवर शाळेच्या आवारातच झालेला अत्याचार हे तर होतेच. परंतु त्या संतापाला धार चढली ती दुसऱ्याच गोष्टीने, म्हणजे पालक तक्रार घेऊन आल्यावर शाळेने दाखविलेल्या थंडपणाने आणि पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून घेण्यास झालेल्या दिरंगाईने. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतः होऊन दखल घेतली तेव्हा याच दोन गोष्टींवर बोट ठेवले, आणि पुढे घटना न कळविल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला. आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी शाळांच्या सुरक्षेविषयीचा शासन निर्णय निघाला, महिन्याभरात कॅमेरे बसविण्याचा हुकूम झाला, आणि राज्यातल्या मुख्याध्यापकांनी कॅमेऱ्यांची दरपत्रके मागविण्यास सुरुवात केली.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. परंतु कॅमेरा भिंतीवर असतो आणि अपराध बहुधा कॅमेऱ्याची नजर जेथे पोहोचत नाही तेथे घडतो; शिवाय कॅमेऱ्यात जे दिसते ते घडून गेल्यावर दिसते. बदलापूरच्या बालिका शिशुवर्गातल्या होत्या, म्हणून त्या वेळच्या चर्चेचा रोख बालवाड्यांकडे राहिला. माध्यमिक शाळेतील मुलामुलींची, म्हणजे बारा-तेरा ते सोळा या वयाची, अवस्था याहून अधिक गुंतागुंतीची आहे: त्यांना काय घडले ते कळते, सांगितल्यास काय होईल याचाही अंदाज असतो, आणि तो अंदाज असल्यामुळेच ती सांगत नाहीत.

कायद्यात उणीव आहे काय? लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पोलीस आणि वकील मंडळींच्या तोंडी 'पॉक्सो' या आद्याक्षरी नावाने रूढ झालेला २०१२ सालचा अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्याचे एकोणिसावे कलम असे सांगते की, अठरा वर्षांखालील बालकावर असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंबहुना तो घडण्याची ज्याला नुसती साधार धास्ती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने ती खबर विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस दिली पाहिजे. 'कोणत्याही व्यक्तीने' यात मुख्याध्यापक येतो, वर्गशिक्षिका येते, शिपाई येतो, शाळेच्या गाडीचा चालकही येतो. ही खबर न दिल्यास एकविसाव्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवून ठेवील तर ही कैद एक वर्षापर्यंत वाढते. मात्र बालकाने स्वतः सांगितले नाही म्हणून त्याला शिक्षा नाही, आणि ज्याने सद्भावनेने खबर दिली त्याच्यावर, पुढे खटल्याचे काहीही होवो, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. एवढी निःसंदिग्ध तरतूद आपल्या कायद्यांत क्वचित आढळते.

तरीही पहिली दहा वर्षे हे कलम बहुतांशी पुस्तकातच राहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले, तेव्हा मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर माहिती असूनही पोलिसांस न कळविल्याचा आरोप ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या डॉक्टरपुरता गुन्हा रद्द केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरविला आणि माहीत असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा त्यामागे गुन्हेगारास पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे स्पष्ट केले. जी गोष्ट डॉक्टरास लागू, ती मास्तरास अधिकच लागू. कारण डॉक्टरकडे मूल एकदा जाते आणि मास्तरापुढे ते वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस बसलेले असते.

मग शाळा कळवीत का नाहीत? याचे उत्तर शाळेच्या घडणीत शोधावे लागते. आपल्याकडील माध्यमिक शाळा ही बहुधा सरकारची नसते, संस्थेची असते. कुठे ती लोकवर्गणीतून आणि मूठमूठ धान्यातून उभी राहिलेली असते, कुठे एखाद्या पुढाऱ्याच्या घराण्याची ती मिरास झालेली असते, पण दोन्ही ठिकाणी इभ्रत हेच तिचे भांडवल असते. गावात बभ्रा झाला की मुलींचे पालक दाखले काढून नेतात. पट उतरला की तुकडी जाते. तुकडी गेली की शिक्षकांची पदे ठरविणाऱ्या संचमान्यतेत एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि मग त्याला कोठे समाविष्ट करावयाचे या प्रश्नाने मुख्याध्यापकाची आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कारकुनांची झोप उडते. ही सारी साखळी मुख्याध्यापकाच्या डोळ्यांपुढे असते. त्यातून आरोप ज्याच्यावर आहे तो संस्थेच्या संचालकाचा भाचा असेल, किंवा दहावीचा गणिताचा निकाल ज्याच्या जिवावर लागतो असा नामवंत शिक्षक असेल, तर मुख्याध्यापकाच्या मनात आधी संस्थेचे अध्यक्ष येतात आणि फौजदार मागाहून येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण अशा कार्यालयांत फार जपली जाते.

मूठ झाकण्याची एक ठरलेली रीत आहे. संबंधित शिक्षकास बोलावून घेतात. त्याच्याकडून 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा लिहून घेतात. मुलीच्या बापाला 'पोरीचे नाव होईल' असे सांगून त्याची समजूत घालतात. आणि जूनमध्ये तो शिक्षक अनुभवाचा निर्मळ दाखला घेऊन दुसऱ्या तालुक्यातील एखाद्या विनाअनुदानित शाळेत रुजू होतो. २०२० च्या पॉक्सो नियमांनी शाळांवर असे बंधन घातले आहे की, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो शिक्षक असो वा शिपाई, पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी करून घ्यावी आणि ती वेळोवेळी करीत राहावे. नियम उत्तम आहे. परंतु पोलिसांच्या दप्तरात ज्याची नोंदच झाली नाही त्याच्याविषयी पडताळणीत काय निघणार? पहिल्या शाळेने खबर दिली नाही म्हणूनच दुसऱ्या शाळेच्या हाती कोरा कागद येतो. ज्या मुख्याध्यापकाला आपण आपल्या शाळेपुरते प्रकरण मिटविले असे वाटते, त्याने ते वास्तविक दुसऱ्या गावाच्या माथी मारलेले असते.

सर्वच मुख्याध्यापक दुष्ट हेतूने गप्प राहतात असे मात्र नाही. पुष्कळांची प्रामाणिक समजूत अशी असते की एखाद्यावर एवढा गंभीर आरोप होत असता आपण आधी शहानिशा करावी, खरे-खोटे पडताळावे, आणि तथ्य आढळले तरच पुढे कळवावे. वरकरणी हा विचार न्याय्य वाटतो. परंतु त्यातून प्रत्यक्षात जे घडते ते पाहावे. मुलीला कार्यालयात बोलावतात. मुख्याध्यापक विचारतात, मग उपमुख्याध्यापक विचारतात, मग संस्थेचे सचिव मोटारीतून येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात. दाराशी शिपाई असतो, टेबलाशी कारकून असतो. कोणीतरी म्हणते, 'नीट आठव, सरांचा हात चुकून लागला नसेल ना?' तिसऱ्या वेळी मुलगी एखादा तपशील गाळते किंवा बदलते, कारण तीच गोष्ट चारचौघांत तीनदा सांगणे प्रौढासही जड जाते. आणि लगेच शेरा बसतो की मुलगी आपल्याच बोलण्यावर ठाम नाही. शेवटी सरांनाच समोर बोलावतात आणि तिला म्हणतात, 'आता यांच्यासमोर सांग.' ती मान खाली घालते. चौकशी संपते, टाचणी लावलेला कागद फायलीत जातो, आणि तोच कागद उद्या आरोपीच्या वकिलाच्या हाती पडला तर बचावाचा पहिला पुरावा ठरतो.

आता याच्या शेजारी कायद्याने सांगितलेली रीत ठेवून पाहावी. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला रुचेल त्या ठिकाणी घ्यावी. ती शक्यतो उपनिरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या स्त्री अधिकाऱ्याने घ्यावी, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा. आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस जवळ असावा. रात्री कोणत्याही कारणाने मुलाला ठाण्यात थांबवून घेऊ नये. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावी. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीस आणि विशेष न्यायालयास कळवावे. न्यायालयात मुलाला आरोपीचे तोंड पाहावे लागू नये, त्याला साक्षीसाठी पुनःपुन्हा बोलावू नये, आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यावेत व न्यायाधीशांनी ते मुलाला विचारावेत. यातील प्रत्येक अट अमलात येतेच असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु ज्या कायद्याने न्यायाधीशाच्या आणि फौजदाराच्या वागण्यालाही एवढे लगाम घातले, त्याने शाळेच्या सचिवास मोकळे रान द्यावे अशी अपेक्षाच चमत्कारिक आहे. शाळेचे काम खबर देण्याचे आहे. तपास पोलिसांचा आणि निवाडा न्यायालयाचा. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहे. निलंबन, आरोपपत्र, चौकशी समिती ही कारवाई तिच्या आधारे जरूर करावी. मात्र खबर आधी गेलेली असली पाहिजे.

खोट्या तक्रारीचे काय, असा प्रश्न शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत निघतो, आणि तो निघणे स्वाभाविकही आहे. द्वेषाने खोटी फिर्याद देणाऱ्या प्रौढास बाविसाव्या कलमात शिक्षा सांगितली आहे, बालकास नाही. निर्दोष शिक्षकाच्या दृष्टीनेही शाळेच्या बंद खोलीतील तडजोडीपेक्षा रीतसर तपास बरा, कारण तडजोडीतून सुटलेल्या माणसाभोवतीची कुजबूज निवृत्तीपर्यंत संपत नाही.

सगळी भिस्त असते ती मूल ज्याच्याजवळ पहिल्यांदा बोलते त्या माणसावर. तो माणूस बहुधा मुख्याध्यापक नसतो. समजा, नववीतील एक मुलगी मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर मराठीच्या बाईंजवळ घुटमळते, वही पुढे करते, मागे घेते, आणि म्हणते, 'बाई, एक सांगू? पण कोणाला सांगायचं नाही हं.' बाई दयाळू असतील तर त्यांच्या तोंडून चटकन निघते, 'नाही गं सांगणार.' येथेच पहिला घोटाळा होतो. कारण हे वचन त्यांना पाळता येणार नाही, आणि ते मोडले की मुलगी पुन्हा कोणापुढे तोंड उघडणार नाही. त्यांनी म्हणावे ते असे: 'तू सांग, मी ऐकते आहे. ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत मिळणार नाही त्यांना मला सांगावं लागेल. पण कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.' मग ऐकावे. मध्ये 'अगं बाई!' म्हणून कपाळाला हात लावू नये, 'तू तिथे गेलीस कशाला?' असे विचारू नये, आणि आपल्या मनातील माणसाचे नाव तिच्या तोंडी घालू नये. 'मग काय झालं?' एवढा एकच प्रश्न बहुधा पुरतो. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही,' हे वाक्य मात्र विसरू नये.

ती गेल्यावर बाईंनी त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, जे ऐकले ते लिहून काढावे. मुलीने 'तो काका' असे म्हटले असेल तर 'तो काका' असेच लिहावे, तेथे 'सदर इसम' करू नये. तिने शरीराच्या भागासाठी घरात चालणारा शब्द वापरला असेल तर तोच ठेवावा. आपण विचारलेला प्रश्नही लिहावा. तारीख, वेळ, जागा घालून सही करावी. कायद्यातही अशीच अपेक्षा आहे: बालकाने दिलेली खबर त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी. त्यानंतर मुख्याध्यापकांस सांगावे आणि मुख्याध्यापकांनी पोलिसांस कळवावे. ते टाळाटाळ करतील तर बाईंची स्वतःची जबाबदारी संपत नाही, हे त्यांनी पक्के ध्यानात ठेवावे. संशय घरातल्याच माणसावर असेल तर घरी फोन करून मोकळे होऊ नये. त्या रात्री मूल त्याच घरात असणार आहे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक, जो १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाला आणि आज शासनामार्फत चालतो, तो अशाच वेळेसाठी आहे. आणि ही हकिगत शिक्षकांच्या व्हॉट्सॲपच्या गटावर जाता कामा नये. मुलाचे नाव, घर, शाळा, ओळख पटेल असे काहीही कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई केली आहे, आणि विवेक तर प्रत्येकालाच लागू आहे.

येथवरच्या उदाहरणांत मी 'मुलगी' असेच लिहीत आलो, आणि वाचकांसही ते सहज वाटले असेल. परंतु केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक बालकांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. आणि तसे सांगणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते, किंचित जास्तच होते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासाची होती, आणि बहुसंख्य मुलांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही. भेद करतो तो समाज: कबड्डीच्या संघातील चौदा वर्षांच्या मुलाने क्रीडाशिक्षकाविषयी तक्रार केली तर 'मर्दासारखा मर्द आणि काय हे?' असे म्हणून त्याची थट्टा होते, आणि अळीमिळी गुपचिळी हा लहानपणचा खेळ त्याला मोठेपणी खरा करावा लागतो.

त्याच पाहणीत शाळेत मार खाल्ल्याचे सांगणारी मुले सुमारे पासष्ट टक्के होती. छडीचे माहात्म्य आपल्या भाषेत इतके मुरलेले आहे की मार हा अत्याचारात मोडतो हेच अनेक सज्जनांस पटत नाही. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली. परंतु तो कायदा सहा ते चौदा वर्षे वयासाठी असल्याने नववी-दहावीतील पंधरा वर्षांचा मुलगा त्या कलमाच्या शब्दांतून निसटतो. त्याच्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे, ज्याच्या पंच्याहत्तराव्या कलमान्वये बालक ज्याच्या ताब्यात वा नियंत्रणात आहे त्याने क्रूरपणा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जे मूल गणित चुकले म्हणून वर्गासमोर अपमानित होते, ते अधिक मोठी गोष्ट त्याच माणसांपुढे बोलून दाखवील ही आशा व्यर्थ आहे. म्हणून मी छडीचा प्रश्न संरक्षणाच्या प्रश्नाहून वेगळा मानीत नाही.

शाळेबाहेरून येणाऱ्या संकटांत आपल्या राज्यात सर्वांत जुने संकट बालविवाहाचे. १८८४ ते १८८८ या काळात बालपणीचे लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याने मुंबई इलाखा ढवळून निघाला, आगरकरांनी लेखणी झिजविली, १८९१ चा संमतिवयाचा कायदा टिळकपक्षाच्या विरोधास न जुमानता झाला, १९२९ चा शारदा कायदा झाला, २००६ चा सध्याचा कायदा झाला; आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले, आणि बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळिसांच्याही वर गेले. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे हा आईबापांपुढचा प्रश्न खोटा नसतो. त्या मुलीसाठी गावात हंगामी वसतिगृह धड चालले नाही तर लग्न हाच त्यांना सुरक्षित तोडगा वाटतो. अशा गावातील माध्यमिक शिक्षकाजवळ एक साधे परंतु मोलाचे साधन असते, ते म्हणजे हजेरीपत्रक. आठवीपर्यंत नियमित येणारी मुलगी नववीत आठ दिवस सलग गैरहजर असते, मैत्रिणी विचारले की खाली पाहतात, आणि तिच्या गल्लीत मांडव पडल्याची कुणकुण लागते. त्या वेळी ग्रामसेवकास, जो ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो, किंवा १०९८ ला कळविणे हे त्या शिक्षकाचे काम आहे. 'आपण कशाला गावाशी वाकडे घ्या' असे म्हणून तो तिच्या नावापुढे शून्य भरत बसला तर परीक्षेच्या सुमारास तिचे नाव पटावरून निघून जाते.

मोबाइलने बाहेरच्या संकटांच्या नव्या तऱ्हा आणल्या आहेत. मुलीकडून एक छायाचित्र मिळवावे आणि त्याच्या धाकावर दुसरे मागावे, हा प्रकार दहावीच्या वर्गांत पोहोचला आहे, आणि 'मोबाइल काढून घेतील' या भीतीपोटी मुली तो घरी सांगत नाहीत. याहून कठीण प्रश्न प्रेमप्रकरणांचा. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांच्या संमतीच्या संबंधातही कायद्याच्या लेखी संमतीला अर्थ नाही. मुलीचे वडील फिर्याद देतात आणि जेमतेम तिच्याएवढ्याच वयाचा मुलगा आरोपी होतो. मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी याविषयी चिंता व्यक्त केली आहे, आणि हा कायदा या बाबतीत सुधारला पाहिजे असे माझेही मत आहे. पण तो सुधारेपर्यंत शिक्षकास आपल्या मर्जीने त्यातून सूट घेता येत नाही.

शाळेत समित्या आणि पेट्या यांची वाण नाही. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती स्थापन करण्यास सांगितले, तक्रारपेटी त्याच्याही आधीपासून आहे. पेटी मी नेहमी आवर्जून पाहतो. ती बहुधा मुख्याध्यापकांच्या कार्यालयाच्या दाराशी, शिपायाच्या स्टुलाच्या वर, लख्ख उजेडात टांगलेली असते. तिच्यात चिठ्ठी टाकायची म्हणजे अर्ध्या शिक्षकवृंदासमोरून जायचे. किल्ली ज्यांच्याविरुद्ध तक्रार असू शकेल त्यांच्याच खिशात असते. आणि चिठ्ठी बाहेर आलीच तर शिक्षक अक्षर ओळखतात, कारण वर्षभर तेच अक्षर त्यांनी तपासलेले असते. पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर किंवा जिन्याच्या वळणावर लावली, ठरलेल्या दिवशी पालक आणि समितीची बाहेरची सभासद यांच्यासमोर उघडली, आणि 'पेटीत आलेल्या अमुक तक्रारीवरून पाण्याचा नळ दुरुस्त झाला' असे फलकावर लिहिले, तर मुलांना कळते की चिठ्ठी कोणीतरी वाचते. नळाची चिठ्ठी वाचली जाते असे दिसल्यावाचून कोणी दुसरी चिठ्ठी टाकीत नाही.

जुन्या पिढीतील शिक्षक अशा सगळ्या नियमांवर एक आक्षेप घेतात, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, 'मग आता मुलाच्या पाठीवर हातही ठेवायचा नाही काय? मायेने जवळ बसवायचे नाही काय?' अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत असताना साने गुरुजी छात्रालयाची व्यवस्था पाहत, मुलांच्या दुखण्याखुपण्यात रात्र जागवीत आणि त्यांच्यासाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढीत. तो जिव्हाळा नियमावलीने नाहीसा होणार असेल तर नियमावली नको, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या जिव्हाळ्याचे लक्षण पाहावे: तो सर्वांच्या देखत होता आणि सर्व मुलांसाठी होता. जो शिक्षक एकाच मुलाला निवडून भेटी देतो, दार लावून जादा तास घेतो, रात्री खाजगी निरोप पाठवितो आणि 'हे आपल्या दोघांतच राहू दे' असे सांगतो, त्याचे वागणे त्या परंपरेत बसत नाही. आणि कुंपणानेच शेत खाल्ल्याच्या बहुतेक हकिगतींची सुरुवात अशा निवडक मायेपासून झालेली असते. मायेस आडपडदा लागत नाही हा एक दंडक पाळला, तर चांगल्या शिक्षकाला आपले हात खिशात घालून फिरण्याची गरज उरत नाही.

राहता राहिला प्रश्न पुढच्या महिन्यांचा, ज्याकडे कोणाचेच लक्ष नसते. गुन्हा दाखल झाला, वर्तमानपत्रातील बातमी जुनी झाली, की त्या मुलीला शाळेत यावयाचे असते. कायद्यात तिची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा असे म्हटले आहे; प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि त्या अवधीत तिची आठवी, नववी, दहावी चालूच असते. २०१३ पासून 'मनोधैर्य' योजनेखाली राज्य शासन पीडितांस अर्थसाहाय्य देते, नियमांत बालकासोबत राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीचीही सोय आहे. शाळेने पालकांना या दोन्ही गोष्टींची माहिती देऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत पोहोचविले तरी पुष्कळ. त्याऐवजी पुष्कळदा तिच्या वडिलांस हळूच सुचविले जाते की, वातावरण निवळेपर्यंत मुलीला मामाकडे पाठवा, दाखला घेऊन जा, दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. ही सूचना शाळेने करू नये, आणि पालकांनी स्वतः तशी मागणी केली तरी बालकल्याण समितीस विचारल्याशिवाय दाखल्यावर सही करू नये. तिचा बाक, तिची तुकडी, तिच्या मैत्रिणी तिच्याच राहाव्यात. न्यायालयाची तारीख सहामाहीच्या पेपरावर आली तर तो पेपर मागाहून घेण्याची तजवीज मुख्याध्यापकांनी आधीच करून ठेवावी, हजेरीपत्रकात त्या दिवशी गैरहजेरीची खूण करू नये, आणि वर्गात कोणी विचारले तर बाईंनी ती कामासाठी बाहेरगावी गेली आहे एवढे सांगून पुढचा धडा काढावा.